तिसरा घटक खरंच होता का? इन्सुलिनचे तंतू आणि सॅक्सचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या जीवभौतिकी लॅबमधली ही गोष्ट. लॅबचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी तेव्हा तिथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, होतो आणि सॅक्सचं, म्हणजे लहान कोनांतल्या क्ष-किरण प्रकीर्णनाचं, काम माझ्याकडे होतं. विद्यार्थिनी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि प्रकरणाची खरी नायिका तीच.

विषय इन्सुलिनचा. ५१ अमिनो आम्लांचं, सुमारे ५.८ किलोडाल्टनचं हे छोटंसं प्रथिन. आम्लात विरघळवून गरम ठेवलं की काही तासांत नळीतलं पाणी गढूळ होतं, मग जेलीसारखं थिजतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर लांबच लांब तंतूंचं जाळं. १९४० च्या दशकापासून हे ठाऊक आहे. आतली बांधणी अल्झायमरमध्ये मेंदूत सापडणाऱ्या तंतूंसारखीच: प्रथिनाचे पट्टे तंतूच्या लांबीला आडवे, एकावर एक, ४.७ अँगस्ट्रॉमच्या अंतरावर रचलेले. वर्षानुवर्षं एकाच जागी इन्सुलिन टोचून घेणाऱ्या काही रुग्णांच्या त्वचेखालीही अशा तंतूंची गाठ होते. त्यामुळे हा खेळ नुसता नळीतला नाही.

आमच्या लॅबला एक छोटा सेंद्रिय रेणू सापडला होता. तो घातला की तंतू उशिरा होत. थायोफ्लेविन-टी हा रंग तंतूंना चिकटला की चमकतो. त्या चमकेचा आलेख आमचा रेणू घातल्यावर उजवीकडे सरकायचा. पण रेणू अडवतो नेमका कुठे? सुट्या इन्सुलिनला धरून ठेवतो, वाढत्या तंतूच्या टोकाला बसतो, की मधल्या एखाद्या टप्प्यावर हात घालतो? मधला टप्पा थायोफ्लेविनला दिसत नाही.

सॅक्सला तो दिसतो, असं मानायला आधार होता. २००७ साली कोपनहेगनच्या बेंटे वेस्टरगार्ड आणि हॅम्बर्गचे दिमित्री स्वेर्गुन यांच्या गटांनी तंतू होत असतानाच इन्सुलिनवर क्ष-किरण टाकून तीन घटक वेगळे काढले होते: सुटं इन्सुलिन, पक्के तंतू आणि मधला एक गठ्ठा. या गठ्ठ्यात पाच-सहा रेणू मळसूत्रासारखे बसलेले होते, आणि तंतू वाढण्याचा वेग त्या वेळी नळीत असलेल्या गठ्ठ्यांच्या प्रमाणात होता. म्हणजे हे गठ्ठेच तंतूंच्या विटा असाव्यात. आमच्या सरांच्या टेबलावर हा शोधनिबंध कायम उघडा असे. पुढे जे झालं त्यात या उघड्या निबंधाचाही वाटा आहे.

अडचण

सॅक्समध्ये द्रावणावर क्ष-किरणांची बारीक शलाका सोडतात आणि अगदी लहान कोनांत विखुरलेले किरण मोजतात. मिळतो तो एक उतरता वक्र. त्याच्या सुरुवातीच्या उतारावरून रेणूचा पसारा, म्हणजे आरजी, निघतो. आंद्रे गिनिएची ही पद्धत १९३९ सालची, अजूनही पहिली पायरी तीच. नळीत एकाच आकाराचे रेणू असले तर वक्रावरून वजन निघतं, ढोबळ आकारही बांधता येतो.

आमच्या नळीत मात्र सगळी खिचडी. आणि या खिचडीत प्रत्येकाचं मत सारखं नसतं. शून्य कोनाशी विखुरण्याची तीव्रता ही घटकाचं वजनी प्रमाण गुणिले त्याचा रेणुभार अशी चालते. समजा वजनाने ९० टक्के सुटं इन्सुलिन, ९ टक्के सहा-सहांचे गठ्ठे आणि १ टक्का तंतू आहेत, आणि एका तंतूत फक्त हजार रेणू धरले. तर सुट्यांचा वाटा ९०, गठ्ठ्यांचा ५४, आणि त्या एका टक्क्याचा १०००. तंतू इतके लांब असतात की यातला बराच भाग यंत्राच्या कक्षेबाहेर, शलाकेच्या अगदी जवळ पडतो. तरी उरलेलाही इतरांवर कुरघोडी करायला पुरतो. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही निघालो तो गठ्ठा दोन मोठ्या आवाजांच्या मध्ये कुजबुजणारा.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न यंत्राचा. विद्यापीठातलं तांब्याच्या नळीचं क्ष-किरण यंत्र हाताशी होतं, पण ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणाचा धड वक्र मिळायला तासभर लागे, आणि त्या तासात द्रावणच बदलून जाई. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारं मोठं यंत्र) सॅक्सची बीमलाइन, म्हणजे ते किरण वापरायची जागा, आहे, तिचाही विचार झाला. शेवटी ज्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर नमुने आपोआप भरणारी व्यवस्था होती तिथे अर्ज केला आणि तीन शिफ्ट, म्हणजे २४ तास मिळाले. न बदलणाऱ्या दोन टोकांचे वक्र, ताजं इन्सुलिन आणि आठवडाभर मुरलेले तंतू, घरच्या, म्हणजे विद्यापीठातल्या, यंत्रावर निवांत घ्यायचे ठरले. हा निर्णय चांगला होता. बीमटाइमचा, म्हणजे सिंक्रोट्रॉनवर मिळालेल्या वेळेचा, एक मिनिटही ज्याची गरज नाही त्यावर घालवू नये.

दुसरा प्रश्न आम्लाचा. बरेच जण पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घेतात. त्यात इन्सुलिन मुख्यतः जोडीने असतं. २० टक्के ॲसेटिक आम्लात ते जवळजवळ पूर्ण सुटं राहतं. सुरुवातीलाच एक घटक कमी झाला तर पुढची विभागणी तेवढी सोपी, म्हणून ॲसेटिक आम्ल, सोबत मीठ, ४५ अंश सेल्सिअस. नुकसान एवढंच, की दाट ॲसेटिक आम्लाने द्रावणाची इलेक्ट्रॉन-घनता वाढते, प्रथिन आणि द्रावण यांच्यातला फरक घटतो आणि आधीच अशक्त असलेला सिग्नल आणखी अशक्त होतो. शिवाय लॅबभर आठवडाभर लोणच्याचा वास.

तिसरा प्रश्न नाजूक होता. सिंक्रोट्रॉनची शलाका इतकी प्रखर, की तीच पाण्यात मुक्त मूलकं तयार करते आणि प्रथिनं एकमेकांना चिकटवते. जिथे गठ्ठे शोधायचे तिथे गठ्ठे बनवणारी शलाका! नेहमीचा तोडगा म्हणजे डीटीटी हे रसायन थोडं घालायचं. बीमलाइनच्या लोकांनी ईमेलमध्ये तेच सुचवलं. इन्सुलिनच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी बांधलेल्या असतात आणि डीटीटीचं कामच असे बंध तोडण्याचं. साखळ्या सुटल्या की त्यातली एक लगेच साका होऊन बसते. आम्लात डीटीटी मंदच चालतं, पण ही जोखीम घेण्यात अर्थ नव्हता. ग्लिसरॉल घातलं तर तंतूंचा वेग बदलतो. उरला एकच मार्ग: नमुना शलाकेसमोरून वाहता ठेवायचा आणि छोट्या छोट्या फ्रेम घेऊन पहिली फ्रेम शेवटच्या फ्रेमशी ताडायची.

पण वाहतं ठेवणं म्हणजे ढवळणं, आणि ढवळलं की इन्सुलिनचे तंतू लवकर होतात. यातून चौथा निर्णय निघाला. एकाच नळीतून परत परत नमुना न काढता ३६ बंद नळ्या एकदम गरम करायच्या, ठरलेल्या वेळी एकेक उघडायची आणि एकदाच मोजून टाकून द्यायची.

या ठिकाणी विद्यार्थिनीने एक गोष्ट सुचवली, जी मला सुचायला हवी होती. "दादा, छत्तीस नळ्या म्हणजे छत्तीस घड्याळं. एकीत तंतू तिसऱ्या तासाला सुरू होतील, दुसरीत चौथ्या. मग वेळ कुठली लिहायची?" बरोबर होतं. पहिलं बीज कधी पडेल याचा भरवसा नसतो. तिचा उपाय: प्रत्येक नळीतला थोडा भाग बाजूला काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, तंतू तळाला बसवायचे आणि वरच्या पाण्याचं २७६ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. किती टक्के तंतू झाले, हेच त्या नळीचं घड्याळ. भिंतीवरचं घड्याळ वहीत नुसतं नोंदीपुरतं.

बीमटाइम

पहिल्या शिफ्टमध्ये सगळं सुरळीत. कोनांच्या मोजपट्टीसाठी सिल्व्हर बेहेनेट, तीव्रतेच्या मोजपट्टीसाठी शुद्ध पाणी. मग नळ्या. नमुना, धुणं, बफर (म्हणजे प्रथिन नसलेलं तेच द्रावण), पुन्हा नमुना. बीमलाइनचं सॉफ्टवेअर आपणहून नमुन्याआधीच्या आणि नंतरच्या बफरची सरासरी काढून वजाबाकी करत होतं आणि पडद्यावर तयार वक्र येत होता. दुसरी शिफ्ट रात्रीची. आम्ही दोघंच, कॉफी आणि बिस्किटं. सर भारतातून दर दोन तासांनी विचारत, "काय दिसतंय?" दिसत होतं ते सुंदर होतं: नळीमागून नळी, वक्राची डावी बाजू हळूहळू उचलत चाललेली.

या रात्री दोन चुका झाल्या. एक आम्ही ठरवून केली, दुसरी आमच्या नकळत झाली.

ठरवून केलेली चूक वरकरणी शिस्तीची होती. आम्ही नळ्या काळाच्या क्रमाने मोजल्या: आधी कोवळ्या, मग जून. वही नीट राहते, वक्र ओळीने येतात. नकळत झालेली चूक म्हणजे क्वार्ट्झची केशनळी, जिच्यातून प्रत्येक नमुना वाहत होता, ती आतून माखत चालली होती. तंतू काचेला चिकटतात, धुण्याच्या पाण्याने पुरते निघत नाहीत. आणि नळ्या काळाच्या क्रमाने असल्यामुळे काचेवरचा थर आणि तंतूंचं वय हातात हात घालून वाढत राहिले. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या तर कुठली कशामुळे हे नंतर कुणाचा बापही सांगू शकत नाही.

तिसरी शिफ्ट आमच्या अडवणाऱ्या रेणूला दिली. खरं तर हाही निर्णयच होता, पण त्यावर चर्चा झालीच नाही. प्रस्तावात लिहिलं होतं म्हणून केलं. साध्या इन्सुलिनचं चित्र पक्कं नसताना त्यात आणखी एक पात्र आणलं.

पहिला आकार

परतल्यावर तीन आठवड्यांत विश्लेषण उभं राहिलं. सगळ्या वक्रांवर एसव्हीडी चालवलं; ही गणिती रीत सांगते की एवढे वक्र उभे करायला किमान किती स्वतंत्र वक्र लागतील. उत्तर तीन. सुट्याचा आणि तंतूंचा वक्र घरच्या यंत्रावरून माहीत होताच. ते योग्य प्रमाणात वजा केले, उरलेला वक्र आकार बांधणाऱ्या प्रोग्रामला दिला. पडद्यावर किंचित पीळ असलेला, पाच-सहा रेणू मावतील असा लांबट गोळा आला.

सर उठून उभे राहिले. "हॅम्बर्गवाल्यांना मिळालं तेच आपल्याला मिळालं!" परिषदेच्या सारांशाची मुदत दहा दिवसांवर होती. त्यांनी शीर्षकही सुचवलं.

इथे मी गप्प बसलो, हे लिहायला हवं. आकार बांधणाऱ्या प्रोग्रामचा स्वभाव मला माहीत होता. तो नाही म्हणत नाही. मिश्रणाचा वक्र द्या, चुकीच्या वजाबाकीचा द्या, तो काहीतरी गोळा करून देतोच, आणि दहा वेळा चालवला तर दहाही गोळे एकमेकांसारखे येऊ शकतात. गोळे जुळले म्हणजे वक्र खरा, असं होत नाही. पण अपेक्षित उत्तर समोर असताना ते उसवायचं कुणी?

उसवलं विद्यार्थिनीने, तेही दुसऱ्याच कामात. सारांशात प्रत्येक घटकाचं प्रमाण द्यावं म्हणून ती आकडे मांडत होती. पाण्याची मोजपट्टी वापरल्यामुळे आमच्या तीव्रता निरपेक्ष होत्या, म्हणजे प्रत्येक घटक मिलिग्रॅममध्ये मांडता येत होता. जुन्या नळ्यांत सुटं, गठ्ठे आणि तंतू यांची बेरीज आम्ही घातलेल्या ५ मिलिग्रॅमच्या वर जात होती.

"सर, नळीत घातलं त्यापेक्षा जास्त निघतंय," ती ग्रुप मीटिंगमध्ये म्हणाली. कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत.

निर्णयाची जागा

पर्याय तीन होते. बेरजेतली तफावत ॲसेटिक आम्लामुळे झालेल्या घनतेच्या अनिश्चिततेवर ढकलायची आणि सारांश पाठवायचा. याला तांत्रिक आधार अगदीच नव्हता असं नाही. दुसरा, आकार ठेवायचा पण 'प्राथमिक' असा शब्द जोडायचा. तिसरा, वजाबाकी न केलेल्या कच्च्या फ्रेमपर्यंत मागे जायचं.

सरांचा कल दुसऱ्याकडे होता. माझाही. विद्यार्थिनीने दोन दिवस मागितले. घनतेचा दोष असता तर तफावत सगळ्या नळ्यांत सारखी दिसली असती. ही मात्र पुढच्या नळ्यांत वाढत जात होती, एवढाच तिचा मुद्दा. एवढा मुद्दा पुरेसा होता.

तिने फक्त बफरचे वक्र घेतले, प्रथिन नसलेले, आणि मोजल्या त्या क्रमाने एकावर एक काढले. बफर तोच, बाटली तीच. सगळे वक्र एकावर एक बसायला हवेत. पहिले आठ-दहा बसत होते. त्यापुढे लहान कोनांकडची बाजू एकेक करत वर उचलत गेली होती. केशनळी धुतल्यावरही काहीतरी आत राहिलं होतं, आणि आपोआप होणारी आधीच्या-नंतरच्या बफरची सरासरी ते अर्धवटच वजा करत होती. मोजत असताना काचेवर बसलेला ताजा थर तर कुठल्याच बफरमध्ये धड पकडला जात नव्हता. आमच्या 'तिसऱ्या घटकात' या थराचा वाटा होता. किती, हा पुढचा प्रश्न.

केलेली कृती

ज्या नळ्यांच्या आधीचा आणि नंतरचा बफर तंतोतंत जुळत होता तेवढ्याच ठेवल्या. निम्म्याहून कमी उरल्या, आणि जास्त करून कोवळ्या. एसव्हीडी पुन्हा चालवलं. तिसरा घटक गेला नाही, पण गोंगाटाच्या जेमतेम वर डोकं काढून उभा राहिला.

मग प्रश्न उलटा विचारला. आकार काय, हे सोडून द्या. नुसत्या दोन घटकांनी, सुटं आणि तंतू, वक्र उभे राहतात का? बहुतेक नळ्यांत राहत होते. तंतू नुकतेच सुरू झालेल्या नळ्यांत मात्र मधल्या कोनांवर दोन घटकांचं गणित पद्धतशीरपणे कमी पडत होतं, एकाच दिशेने, गोंगाटासारखं इकडेतिकडे नव्हे. तिथे काहीतरी असावं. पण एवढ्याशा फरकातून आकार काढणं म्हणजे उडालेल्या धुळीवरून गाडीचा नंबर सांगणं.

अशाच मिश्रणांसाठी २०१७ साली पुढे आलेली 'कॉस्मिक्स' ही पद्धत आम्ही आजमावली. एकच वक्र वेगवेगळ्या रीतींनी मांडून ती त्या सगळ्या मांडण्या एकदम सोडवते, त्यामुळे दुबळे घटक झाकले जात नाहीत. सुटं इन्सुलिन आणि तंतू स्वच्छ वेगळे निघाले. मधला घटक दरवेळी थोडा वेगळा यायचा. मोजमापात जे नाही ते गणितातून येणार नव्हतं.

निकाल

सारांश गेला, पण वेगळ्या शीर्षकाने. त्यात तंतूंच्या काटछेदाचं माप होतं. लांब दांड्यासाठी तीव्रतेला कोनाच्या मापाने गुणून गिनिएसारखाच आलेख काढला की जाडी निघते. ती साध्या इन्सुलिनमध्ये आणि आमचा रेणू घातलेल्या नळ्यांत मोजमापाच्या मर्यादेत सारखीच होती. म्हणजे रेणूमुळे तंतू उशिरा होतात, पण झाले की तसेच होतात. सेंट्रिफ्यूजच्या घड्याळावर मांडलेले वेगही त्यात होते. मधल्या गठ्ठ्याबद्दल एक वाक्य: सुरुवातीच्या टप्प्यात तिसऱ्या घटकाचे संकेत आहेत, आकार ठरवता आला नाही.

रेणू नेमका कुठे अडवतो, याचं उत्तर मिळालं नाही. ज्यासाठी निघालो तेच राहिलं. विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं हे प्रकरण त्यामुळे जरा बोडकं आहे. परीक्षकांनी मात्र सर्वात जास्त प्रश्न बफरच्या आलेखावरच विचारले आणि ती त्यांना पुरून उरली.

२००७ च्या निष्कर्षाला आमच्या कामाने धक्का लागत नाही, हेही नोंदवतो. आमची मोजणी तेवढी चांगली नव्हती, इतकंच.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वात आधी क्रम मोडायचा. कोवळ्या-जून नळ्या मिसळून मोजल्या असत्या तर काचेवरचा थर आणि तंतूंचं वय वेगळं पडलं असतं, आणि दोष त्याच रात्री उघडा पडला असता. बफरचे कच्चे वक्र दर तासाला डोळ्यांनी पाहायचे. पडद्यावर येणारा तयार वक्र हा हॉटेलातला पदार्थ आहे, आत भटारखान्यात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. मिलिग्रॅमची बेरीज आकार बांधायच्या आधी करायची, नंतर नाही. आणि तिन्ही शिफ्ट साध्या इन्सुलिनलाच द्यायच्या.

मी गप्प बसलो त्याचं काय करायचं, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. संघात कुणीतरी ठरवून 'हे खोटं असेल तर कशामुळे' एवढंच शोधावं, असा नियम आम्ही पुढे केला. तो अधूनमधून पाळला जातो.

दुसरा प्रस्ताव मंजूर झाला. या वेळी बॅगेत सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली होती. इन्सुलिनचे तंतू अल्कलीत विरघळतात, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर केशनळी आधी त्याने, मग भरपूर पाण्याने, मग बफरने धुवायची. नळ्यांचा क्रम विद्यार्थिनीने विमानतळावर चिठ्ठ्या टाकून काढला. पहिली चिठ्ठी निघाली ३६, सगळ्यात जून, जवळजवळ थिजलेली नळी. सर म्हणाले, "ही तरी शेवटी घेऊ या का?" तिने चिठ्ठी वहीत चिकटवली. रात्री अकराला ३६ नंबरची नळी शलाकेसमोरून गेली, केशनळी धुतली, बफर घेतला आणि आधीच्या बफरच्या वक्रावर ठेवून पाहिला. बसला. मग तिने दुसरी चिठ्ठी उघडली.